वाऱ्याला लागणारं डिझेल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दोन ट्रकवाले भेटले की रामरामानंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ॲव्हरेज काय देते?’ म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर. भरलेली दहाचाकी गाडी चार-साडेचार देते म्हणाला, तर दुसरा मान हलवतो. पाच म्हणाला, तर त्याला खरं वाटत नाही. आपल्या राळेगावसारख्या ठिकाणी ट्रकवाला म्हणजे कुणी मोठी कंपनी नव्हे. एक गाडी, फार तर दोन, त्यांवर बँकेचा हप्ता. टायर, विमा, टोल, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता, सगळं ठरलेलं. भाडं बाजार ठरवतो. मालकाच्या हातात थोडंफार काही असेल, तर ते डिझेल. आणि खर्चातली सर्वांत मोठी बाबही तीच.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे हा विषय निघाला, की मला पंप आणि नोझलच्या आधी वारा आठवतो.

श्रोते हो, वारा म्हटलं की आपल्याला तो हलका वाटतो. पण एक घनमीटर हवेचं वजन एक किलोहून थोडं जास्तच भरतं. ट्रकचं तोंड साधारण अडीच मीटर रुंद आणि मालासकट सव्वातीन मीटर उंच धरलं, तर आठ चौरस मीटरचा दरवाजा झाला. हा दरवाजा ताशी साठच्या वेगाने पुढे न्यायचा, म्हणजे दर सेकंदाला सव्वाशेहून जास्त घनमीटर हवा बाजूला सारायची. ती हवा सहजासहजी सरत नाही. हिशेब केला तर ताशी ४० किलोमीटरला वाऱ्याचा विरोध सुमारे ४५ किलो वजनाच्या जोराएवढा येतो. ६० ला तो शंभर किलोच्या पुढे जातो, म्हणजे क्विंटलभर. आणि ८० ला १८५ किलो. आपल्या जिनिंग-प्रेसिंगमधून निघणारी रुईची गाठ १७० किलोची असते. म्हणजे ८० च्या वेगाने जाणारी गाडी एका अख्ख्या गाठीच्या वजनाएवढा जोर केवळ वारा ढकलण्यात घालवते.

यातली मेख वेगाच्या वर्गात आहे. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो, आणि तो ढकलायला लागणारी अश्वशक्ती आठपट. ४० ला सात अश्वशक्ती पुरते, तिथे ८० ला चोपन्न लागते. बैलगाडीला या गोष्टीशी काही घेणंदेणं नाही, म्हणून आपल्या बापजाद्यांनी गाडीचा आकार ठरवताना वाऱ्याचा विचार केला नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. १९७८ मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था वर्षानुवर्षं ‘ताशी ४५ ते ५५ च्या दरम्यान गाडी चालवा’ असं सांगत आली, त्यामागे हेच गणित आहे. २०१७ साली सरकारने अवजड वाहनांसाठी इंधन-वापराचे निकष जाहीर केले, त्यातही ट्रकची चाचणी ४० आणि ६० च्या स्थिर वेगाला धरली आहे.

आता एक महत्त्वाचा फरक. आपल्याच जिल्ह्यात वणीकडे कोळशाचे टिप्पर धावतात. कोळसा जड, अंतर थोडं, वेग कमी. अठ्ठावीस टनांची भरलेली गाडी टायर लोटण्यातच दोनशे किलोचा जोर खाते. तिथे वाऱ्याचा विचार करून फारसं हाती लागत नाही. राळेगावची गोष्ट वेगळी. कापूस हा हलका आणि फुगीर माल. शेतातून जिनिंगकडे येणारा सुटा कापूस गाडीत दाबून दाबून भरला, तरी वजन भरत नाही, पण गाडी मात्र फुगते. दोन्ही बाजूंनी पोट बाहेर आलेलं, वर टेकडी झालेली. अशी गाडी वजनाला तेरा-चौदा टन. टायरचा विरोध शंभर किलोच्या आतच, आणि वाऱ्याचा मात्र त्याहून जास्त. हे पोट नियमाबाहेर असतं ते असतंच, शिवाय ते डिझेल पितं.

जिनिंगमधून गाठी निघाल्या की परिस्थिती थोडी सुधारते. शंभर गाठींचा ट्रक म्हणजे सतरा टन माल. पण हा ट्रक वडकीला चव्वेचाळीस नंबरच्या महामार्गाला लागतो (२०१० पूर्वी तो सात नंबरचा होता, जुने ड्रायव्हर अजूनही तोच आकडा सांगतात) आणि तिथून आदिलाबादमार्गे खाली तामिळनाडूपर्यंत जातो. रस्ता मोकळा, वेग साठ-सत्तरचा आणि अंतर चौदाशे किलोमीटरच्या आसपास. इथे वाऱ्याचं बिल लागू होतं.

मग करायचं काय? पुष्कळांना वाटतं, विमानासारखं किंवा रेल्वेच्या नव्या इंजिनासारखं टोकदार तोंड हवं. तशी गरज नाही. याबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात नासाचं एक विमान-संशोधन केंद्र आहे. तिथला एडविन साल्ट्झमन नावाचा अभियंता सायकल चालवायचा. मोठा ट्रक शेजारून गेला की आधी सायकल बाहेर ढकलली जायची आणि लगेच आत ओढली जायची. राळेगाव-कळंब रस्त्यावर सायकल हाणणाऱ्या कोणालाही हा अनुभव सांगायला नको! आपण हँडल सावरतो आणि ट्रकवाल्याच्या नावाने काही बोलतो. साल्ट्झमनने विचार केला, की मला ढकलायला आणि ओढायला जी शक्ती लागली, ती त्या ट्रकच्या टाकीतूनच गेली असणार. साल होतं १९७३. त्याच वर्षी जगात तेलाचे भाव भडकले.

त्या मंडळींनी एका जुन्या व्हॅनला चहूबाजूंनी ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे ठोकले. काटकोनी कडा, अगदी बुटांच्या खोक्यासारखी. तिचा विरोध मोजला. मग त्याच खोक्याच्या फक्त पुढच्या कडा गोल केल्या आणि पुन्हा मोजला. तो जवळपास निम्म्यावर आला. तोंड टोकदार केलं नव्हतं, कडा तेवढ्या मोडल्या होत्या. हवेला वळायला जागा मिळाली, की ती बाजूला चिकटून जाते; काटकोन आला, की ती सुटते आणि भोवरे करते. ते भोवरे फिरवायची मजुरी आपण भरतो.

दुसरी अर्धी गोष्ट मागच्या बाजूची आहे, आणि ती लोकांना पटत नाही. ट्रकच्या मागचा फालका बघा. पुढची काच स्वच्छ असते, पण फालका धुळीने माखलेला. धूळ तर गाडी मागे टाकून पुढे गेली, मग ती परत येऊन फालक्यावर कशी बसली? कारण सपाट पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि हवा गरगरत आत ओढली जाते. तो कमी दाब जसा धुळीला ओढतो, तसाच गाडीलाही मागे खेचतो. हंगामात आपल्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले दिसतात, तीही याच वाऱ्याची चोरी. त्यातून शेतकऱ्याचा माल जातो तो वेगळाच.

आपल्याकडे पूर्वी नुसती चॅसिस घ्यायची आणि बॉडी गावच्या किंवा शहरच्या कारागिराकडून बांधायची, अशी पद्धत होती. केबिनचं तोंड लाकडाचं, भिंतीसारखं सरळ. अलीकडे केबिन कारखान्यातूनच येते, कडा गोल असतात, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं आहे. मागचा हौदा आणि त्यावरचा माल मात्र अजून आपल्याच हातचा. केबिनच्या वर चार-पाच फूट उंच गाठींची भिंत उभी राहते, आणि वारा केबिनवरून सरकून थेट तिच्यावर आदळतो. परदेशी ट्रकच्या टपावर जो तिरपा पत्रा दिसतो, तो यासाठीच असतो. पण त्याची वरची कड मालाच्या उंचीशी जुळली पाहिजे. शोभेसाठी लावलेला छोटा पत्रा काही करत नाही.

तिकडे दोन चाकांमधल्या मोकळ्या जागेवर खाली पडद्यासारखे पत्रेही लावतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००४ पासून अशा साधनांची तपासणी करून चार-पाच टक्के बचत मान्य केली आहे. मात्र ती तिथल्या शंभरच्या वेगाची. आपल्याकडे सायकलस्वार चाकाखाली जाऊ नये म्हणून बाजूला आडवे पाइप असावे लागतात. त्यांवर हलका पत्रा बसवला तर दोन्ही कामं होतील. पण गतिरोधकांवर घासणार नाही आणि पंक्चरच्या वेळी चटकन निघेल, असा हवा. बॉडीत काहीही फेरफार करण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घ्यावं, नाहीतर वाचलेल्या डिझेलचे पैसे दंडात जायचे.

किती वाचेल? आकडे फुगवून सांगणारे विक्रेते भेटतील, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. वाऱ्याचा विरोध पंधरा टक्के कमी झाला असं धरू. साठच्या वेगाला शंभर किलोमीटरमागे सव्वा लिटरच्या आसपास डिझेल वाचतं. चौदाशे किलोमीटरला सोळा-सतरा लिटर. नव्वद रुपये भाव धरला, तर एका खेपेला दीड हजार. फार नाही, पण महिन्याला तीन खेपा धरल्या तर हप्त्याला हातभार लागतो. याउलट वेग ८० वरून ६० वर आणला, तर एक पैसा न खर्च करता याच्या कितीतरी पट वाचतं. तेव्हा पत्रा नंतर, आधी पाय.

बिनखर्चाच्या गोष्टी आणखी आहेत. ताडपत्री ताणून बांधा; फडफडणारी ताडपत्री दर फटक्याला डिझेल मागते. दोरखंडाचे आणि जादा टायरचे ढीग टपावर नकोत. शिंगांसारखे हॉर्न, पाइपांचे मुकुट, झेंड्यांचे दांडे हे सगळं वाऱ्याला अडवतं. रंगीत चित्रं, शेर, काळी बाहुली यांना माझी मुळीच हरकत नाही, रंगाला वारा लागत नाही. टायरमधली हवा दर आठवड्याला तपासा. आणि उतारावर न्यूट्रल करणं सोडा. ते धोक्याचं तर आहेच, पण आजच्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून पाय काढला की डिझेल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

रिकामी परत येणारी उघड्या हौद्याची गाडी वाऱ्याला कमी लागते असं वाटतं, पण वारा हौद्यात उतरतो आणि मागच्या फालक्याला धडकतो. कोळशाच्या रिकाम्या वाघिणींवर परदेशात प्रयोग झाले, तेव्हा उघडी रिकामी वाघीण भरलेल्या वाघिणीपेक्षा जास्त वारा अडवते असं दिसलं. म्हणून परतीला ताडपत्री घडी करून टपावर टाकण्याऐवजी हौद्यावर सपाट ताणून बांधावी.

आपल्या गाडीवर वारा कुठे अडतो हे बघायला प्रयोगशाळा नको. लोकरीचे वीतभर धागे केबिनच्या कडांना, टपाला आणि हौद्याच्या बाजूंना चिकटपट्टीने लावा. सकाळी रस्ता मोकळा असताना दुसऱ्या गाडीतून शेजारी बसलेल्याने, ड्रायव्हरने नव्हे, ते मोबाइलवर टिपावेत. धागा सरळ मागे पडला असेल, तिथे हवा नीट वाहते आहे. जिथे तो गरगरतो किंवा उलटा पुढे येतो, तिथे पत्र्याची कड मोडायची किंवा ताडपत्री पुन्हा बांधायची.