पंधरवड्याचे मिशनरी

महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत 'मिशनरी' हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तें जन्मभराच्या मुक्कामाचें असतें. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल 1812 च्या फेब्रुवारींत मायदेशाहून निघाले ते बरोबर वर्षभरानें मुंबईस पोंचले. ते मराठी शिकले, मराठींत उपदेश करूं लागले, आणि 1826 मध्यें नाशिकच्या बाजूनें परततांना वाटेंतच पटकीनें वारले. मायदेश त्यांनीं पुन्हां पाहिला नाहीं. मिरजेचे डॉक्टर वान्लेस 1889 मध्यें हिंदुस्थानांत आले ते 1928 मध्यें गेले. अशा माणसांचा प्रारंभीचा पुष्कळसा काळ नुसती भाषा शिकण्यांत जाई, आणि तो फुकट गेला असें कोणी म्हणत नसे. त्यांच्या मतांशीं ज्यांचा कडाक्याचा विरोध होता तेही एक गोष्ट मान्य करीत, कीं हा मनुष्य येथें राहावयास आला आहे.

आज याच शब्दाखालीं एक अगदीं निराळा प्रकार रूढ झाला आहे. अमेरिकेंतील एखाद्या गांवच्या चर्चमधील पंधरा-वीस मंडळी शनिवारीं विमानांत बसतात, मध्य अमेरिकेंतील एखाद्या खेड्यांत उतरतात, आठ-दहा दिवस शाळेच्या भिंती रंगवितात, मुलांना बायबलांतील गोष्टी सांगतात, आणि दुसऱ्या आठवड्याच्या रविवारीं आपल्या नेहमींच्या बांकावर उपासनेस हजर असतात. रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञानें 2005 च्या सुमारास केलेल्या पाहणीवरून अंदाज बांधला, तो असा कीं एकट्या अमेरिकेंतून वर्षाकाठीं सुमारें 16 लक्ष प्रौढ चर्च-सभासद अशा परदेशच्या सफरीवर जातात. हॉलसाहेबांस समुद्रावर जितका काळ लागला त्याच्या एका अंशांत ही मंडळी सेवा करून घरीं परततात.

हें शक्य झालें तें मुख्यतः विमानामुळें. 1958 मध्यें अटलांटिक महासागरावरून जेट विमानांनीं उतारूंची ने-आण सुरू झाली, आणि एरवींच्या वार्षिक रजेंत परखंडांत जाऊन येणें सामान्य नोकरदारासही साधूं लागलें. त्याच सुमारास तरुणांच्या दोन चळवळी उदयास आल्या. 1957 च्या सुटींत जॉर्ज व्हर्वर हा कॉलेजांतील तरुण दोन मित्रांसह स्पॅनिश धर्मपुस्तकांनीं भरलेला ट्रक घेऊन मेक्सिकोंत गेला. त्यांतून पुढें 'ऑपरेशन मोबिलायझेशन' ही संस्था निघाली. 1960 मध्यें लोरेन कनिंगहॅम यांनीं 'यूथ विथ ए मिशन' ही संस्था स्थापिली. तरुणांनीं आधीं अनेक वर्षें धर्मविद्येचा अभ्यास करून मगच परदेशीं जावें हा जुना शिरस्ता या मंडळींनीं मोडला. जा, पाहा, जमेल तें करा, मग पुढचें ठरवा, असा त्यांचा रोख होता.

अशी सफर ठरली कीं कित्येक महिने आधीं तयारी सुरू होते. ज्यानें त्यानें आपल्या आप्तेष्टांस पत्रें लिहून वर्गणी मागावयाची. मुलेंमुली शेजाऱ्यांच्या मोटारी धुतात, घरीं केलेले केक विकतात. आफ्रिकेंत जावयाचें असल्यास पीतज्वराची लस टोंचून घेऊन तिचा दाखला पारपत्रास जोडावा लागतो, हिंवतापाच्या गोळ्या आधींपासून चालू कराव्या लागतात. यजमान देशांतील चालीरीतींचे दोन-चार पाठ होतात. चार वाक्यें त्यांच्या भाषेंतील पाठ केलीं जातात. या खटाटोपांत खोटें असें कांहीं नसतें. आपल्या रजेचे दिवस आणि गांठचे पैसे परक्यांसाठीं वेंचावे असें मनापासून वाटणारीं माणसें कोणत्याही धर्मांत थोडींच असतात.

परंतु दुसरी बाजू यजमानाची आहे, आणि ती फारशी कोणी विचारांत घेत नाहीं. खेड्यांतील पाद्र्यास पंधरा-वीस पाहुण्यांच्या निजण्याची, उकळलेल्या पाण्याची, मोटारीची, दुभाष्याची सोय करावी लागते. दहा दिवस त्याचीं स्वतःचीं सर्व कामें बाजूस राहतात. रंगविलेली भिंत गेल्या वर्षीं दुसऱ्या तुकडीनें रंगविलेली असते, हें तो सौजन्यानें सांगत नाहीं. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात. येथें सफरच दहा दिवसांची, त्यामुळें नवेपण ओसरून खरी ओळख होण्यास अवधीच उरत नाहीं. सर्वांत अधिक जपावें लागतें तें अनाथालयांच्या बाबतींत. दर पंधरा दिवसांनीं नवीं माणसें येऊन मुलांना कडेवर घेतात, लळा लावतात आणि निघून जातात. कंबोडियांतील अनाथालयांची पाहणी झाली तेव्हां तेथील बहुसंख्य मुलांचे आई किंवा बाप हयात असल्याचें आढळून आलें. पाहुणे येतात आणि देणग्या देतात म्हणून मुलें गोळा करावयाचीं, असा उलटा व्यवहार तेथें कांहीं ठिकाणीं सुरू झाला होता.

खर्चाचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. 1998 च्या अखेरीस 'मिच' नांवाच्या तुफानानें मध्य अमेरिकेंतील होंडुरास देश उध्वस्त केला. हजारों माणसें मेलीं, डोंगरउतारांवरील वस्त्या वाहून गेल्या. घरें बांधून देण्यासाठीं उत्तर अमेरिकेंतून स्वयंसेवकांच्या तुकड्या येऊं लागल्या. त्याच देशांत अनेक वर्षें राहिलेले कर्ट व्हर बीक हे समाजशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनीं घरें मिळालेल्या कुटुंबांस आणि परत गेलेल्या स्वयंसेवकांस गांठून चौकशी केली व 2006 मध्यें ती प्रसिद्ध केली. एका घरास सुमारें 2,000 डॉलर लागत होते. एका तुकडीच्या प्रवासास सरासरी 30,000 डॉलर पडत होते. म्हणजे तुकडी न येतां तेवढी रक्कम आली असती तर स्थानिक गवंड्यांच्या हातून पंधरा घरें उभीं राहिलीं असतीं, आणि त्या गवंड्यांस मजुरीही मिळाली असती. परक्यांनीं बांधलेल्या घरांतील आणि स्वकीयांनीं बांधलेल्या घरांतील कुटुंबांच्या पुढील आयुष्यांत व्हर बीक यांस म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. परत गेलेल्या पुष्कळांनीं आपली दानत आतां वाढली आहे असें सांगितलें खरें. परंतु संस्थेच्या देणगीवहींत त्याचा फारसा पुरावा मिळाला नाहीं.

व्हर बीक हे स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती असून त्यांनींच हें लिहिलें, म्हणून त्यास वजन आहे. पण एवढ्यावरून पंधरवड्याची सेवा सर्वस्वीं निरुपयोगी ठरविणें हेंही घाईचें होईल. भिंत रंगविणारे हात होंडुरासमध्यें वाटेल तितके आहेत. जेथें लागणारे हात त्या देशांत नाहींतच, तेथें काय?

याचें उत्तर पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत पाहावयास मिळतें. वर उल्लेखिलेल्या 'यूथ विथ ए मिशन' संस्थेंतील डॉन स्टीव्हन्स यांनीं 1978 मध्यें 'व्हिक्टोरिया' नांवाची जुनी इटालियन आगबोट 10 लक्ष डॉलरला विकत घेतली. ग्रीसच्या किनाऱ्यावर कित्येक वर्षें तिची डागडुजी चालली. तिला 'अनास्तासिस', म्हणजे ग्रीक भाषेंत 'पुनरुत्थान', असें नांव देण्यांत आलें, आणि ती तरतें इस्पितळ बनली. ही 'मर्सी शिप्स' संस्था पुढें स्वतंत्र झाली. 2007 पासून डेन्मार्कमधील आगगाडीचे डबे वाहणारी एक जुनी नौका 5 शस्त्रक्रियागृहें बसवून 'आफ्रिका मर्सी' या नांवानें काम करूं लागली, आणि 2021 मध्यें खास इस्पितळ म्हणूनच बांधलेलें 'ग्लोबल मर्सी' हें जहाज चीनमधील गोदींतून बाहेर पडलें. त्याची लांबी 174 मीटर असून त्यावर 6 शस्त्रक्रियागृहें व 200 खाटा आहेत.

जहाजच कां, असें कोणी विचारील. पश्चिम आफ्रिकेंतील मोठीं शहरें बहुतेक समुद्रकांठीं आहेत, आणि वीज व शुद्ध पाणी यांची शाश्वति नसलेल्या ठिकाणीं जहाज हीं दोन्ही बरोबर आणतें. सरकारनें निमंत्रण दिल्यावांचून तें जात नाहीं. तें आलें कीं सुमारें दहा महिने एकाच धक्क्यास लागून राहतें. आधीं आलेली तुकडी देशभर हिंडून रोगी निवडते, आणि निवडण्याचें हें काम सर्वांत कठीण असतें, कारण रांगेंत उभे राहिलेल्यांपैकीं पुष्कळांस नकार द्यावा लागतो.

जे घेतले जातात त्यांचे रोग शहरांत राहणाऱ्यांस ऐकूनही ठाऊक नसतात. जबड्यांत एक गांठ उठते. ती कर्करोगाची नसते, आणि वेळेवर काढली तर मनुष्य बरा होतो. पण काढणारा नसल्यानें ती नारळाएवढी होते, तोंड मिटत नाहीं, गिळतां येत नाहीं, आणि शेवटीं रोगी उपासमारीनें किंवा श्वास कोंडून मरतो. 'नोमा' म्हणून एक व्याधि आहे. अर्धपोटी वाढणाऱ्या लहान मुलांच्या हिरड्यांत ती सुरू होते आणि बघतां बघतां गाल खाऊन टाकते. जागतिक आरोग्य संघटनेनें 2023 च्या डिसेंबरांत तिला उपेक्षित रोगांच्या यादींत स्थान दिलें. अडलेल्या बाळंतपणांत दोन-तीन दिवस तळमळलेल्या स्त्रियांस आंतून जखम होऊन मूत्र अखंड झिरपत राहतें. मूल बहुधा दगावलेलें असतें, नवरा टाकतो, शेजारी दूर बसवितात. त्यांपैकीं ज्या बऱ्या होतात त्यांस जहाज सोडतांना नवें वस्त्र देतात, आणि त्या सर्व मिळून गाणीं म्हणत नाचत बाहेर पडतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या मंडळानें 2015 मध्यें जाहीर केलें कीं जगांतील 500 कोटि माणसांस सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाहीं.

या जहाजावर शस्त्रवैद्य, भूल देणारे डॉक्टर, परिचारिका, आचारी, यंत्रज्ञ, नाभिक, मुलांचे शिक्षक असे सर्व प्रकारचे लोक येतात. कोणी दोन आठवड्यांसाठीं, कोणी दोन महिन्यांसाठीं, कोणी वर्षांसाठीं. वेतन नाहीं. प्रवासभाडें स्वतःचें; पुष्कळ वर्षें जहाजावरील राहण्या-जेवणाचा खर्चही ज्याचा त्यानेंच दिला. उलट बंदरांतील जे स्थानिक स्त्रीपुरुष दुभाषी म्हणून किंवा स्वयंपाकघरांत काम करतात त्यांस मात्र रीतसर पगार मिळतो. हा उलटा न्याय मोठा शहाणपणाचा आहे. येथील पंधरवड्याचा पाहुणा आपली विद्या आणतो आणि कोणाची मजुरी हिरावून घेत नाहीं. त्याच्यापुढें त्याच खाटेवर काम करणारा दुसरा येतो, आणि रोग्याचा कागद दोघांनाही वाचतां येतो. पाहुणा चार दिवसांचा असला तरी घर कायमचें असतें. शिवाय कित्येक पाहुणे पाहुणे राहतच नाहींत. कॅलिफोर्नियाचे मुखशल्यतज्ज्ञ डॉ. गॅरी पार्कर 1980 नंतरच्या दशकांत कांहीं महिन्यांसाठीं म्हणून 'अनास्तासिस'वर गेले, त्यांना तीस वर्षांहून अधिक काळ तेथेंच लोटला.

आतां धर्माचा प्रश्न. सेनेगल, गिनी हे बहुसंख्य मुसलमान वस्तीचे देश. जहाज उघड उघड ख्रिस्ती. वॉर्डांत प्रार्थना होतात. मग ही सेवा म्हणजे गळाला लावलेलें आमिष तर नव्हे? हा संशय महाराष्ट्रांत शंभर-सवाशें वर्षें चर्चिला गेला आहे, आणि तो केवळ द्वेषांतून निघतो असें म्हणतां येत नाहीं. दुष्काळांत पोटासाठीं धर्म बदलल्याचे आरोप येथें झालेच होते. जहाजाचा नियम असा आहे कीं रोग्याचा धर्म पाहून खाट दिली किंवा नाकारली जात नाहीं. नियमाचें पालन कितपत होतें हें रोग्यांस विचारून पाहावें. परंतु जे सरकार स्वतः मुसलमान बहुमताचें असून जहाजास पुन्हां पुन्हां बोलावतें, त्यानें तें पाहिलें असणार हें उघड आहे. दहा दिवसांत खेडेंच्या खेडें तारण्याची भाषा बोलणाऱ्या तुकडीपेक्षां, गाल शिवून देऊन गप्प राहणारी परिचारिका अधिक विश्वास मिळविते, असें दिसतें.

तरी या पद्धतीलाही मर्यादा आहेत, आणि त्या 2014 मध्यें उघड्या पडल्या. 'आफ्रिका मर्सी' बेनिन देशाकडे निघावयाची होती. इतक्यांत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन येथें एबोलाचा कहर उसळला. अरुंद जिने आणि दाट वस्तीचें जहाज असल्या साथीस लायक नसतें. शेवटीं तें आफ्रिकेला वळसा घालून मादागास्करला गेलें. शस्त्रक्रियेसाठीं बांधलेल्या नौकेचा तो निर्णय चुकीचा म्हणतां येणार नाहीं. पण साथीच्या देशांत जे मागें राहिले ते तेथील इस्पितळांतले होते. लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया येथील 'एलवा' या मिशन-इस्पितळांत दोन वर्षांच्या करारावर आलेले अमेरिकन डॉक्टर केंट ब्रँटली यांस त्या जुलैंत एबोलानें गांठलें; ते अटलांटा येथें उपचार होऊन वांचले. ज्यांस नेण्यास विमान आलें नाहीं अशा आफ्रिकन परिचारिका आणि डॉक्टर शेंकडोंनीं मेले, आणि त्यांचीं नांवें बाहेर फारशीं पोंचलीं नाहींत.

मुक्काम संपत येतो तेव्हां धक्क्यावरील जहाजांत आणखी एक नियम पाळतात. निघण्यापूर्वींच्या शेवटच्या आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया करीत नाहींत, मग रोगी कितीही निकडीचा असो; कारण टांके काढण्याआधीं जहाज सुटलें तर ते काढावयाचे कोणीं? त्या दिवसांत शस्त्रक्रियागृहें धुऊन बंद करतात, किनाऱ्यावरील विश्रांतिगृहांत राहिलेल्यांच्या पट्ट्या रोज बदलतात, आणि शेवटच्या पट्टीचें काम ज्यास शिकविलें आहे त्या गांवच्या परिचारिकेच्या हातीं कागदपत्रें देतात.