कुजका ओंडका दिसला, तर थांबा!

तांजोंग पगारचं जुनं रेल्वे स्टेशन तुम्ही बाहेरून तरी पाहिलं असेलच. १९३२ साली सुरू झालेलं हे स्टेशन ३० जून २०११ला बंद झालं. रूळ निघाले आणि थेट वूडलँड्सपर्यंत जाणारी २४ किलोमीटरची हिरवी वाट उरली, रेल कॉरिडॉर. एखाद्या रविवारी या वाटेने बुकित तिमाहपर्यंत चालत जा. (डासांचं मलम विसरू नका, मी विसरलो होतो.) तिथे कडेला कुजका ओंडका दिसला, की थांबा.

१८५४च्या एप्रिलमध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस सिंगापूरला उतरला. नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनखेरीज स्वतंत्रपणे सुचलेला तोच हा वॉलेस. बुकित तिमाहला एका फ्रेंच पाद्र्याकडे त्याने मुक्काम ठोकला आणि साधारण दोन महिन्यांत भुंगेऱ्यांच्या ७०० जाती गोळा केल्या. त्यांतल्या १३० लांबशिंग्या भुंगेऱ्यांच्या, म्हणजे ज्यांच्या मिशा अंगापेक्षाही लांब असू शकतात त्यांच्या. आणि हे जवळजवळ सगळं एका चौरस मैलाच्या रानात! पुढच्या प्रवासातही इतकी भरघोस जागा आपल्याला क्वचितच मिळाली, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

कारण काय? श्रेय त्याने हवापाण्याला दिलं, तसंच चिनी लाकूडतोड्यांनाही. ते झाडं पाडत, करवतीने कापत; साली, फांद्या, भुसा तिथेच पडून राहत असे. आपल्याला तो कचरा वाटेल. भुंगेऱ्यांच्या अळ्यांसाठी मात्र ते भरलेलं कोठार होतं. (त्याच रानात वाघ होते, आणि वाघांसाठी खणलेले खड्डेही. वॉलेसला दोहोंचीही धास्ती वाटे.)

लांबशिंग्याची मादी सालीच्या फटीत अंडी घालते. पांढरी, गुबगुबीत अळी लाकूड पोखरत आत शिरते. पण लाकूड हे फार निकस अन्न. सेल्युलोज भरपूर, नायट्रोजन जेमतेम. म्हणून लाकूड मऊ करणाऱ्या बुरशीची आणि पोटातल्या सूक्ष्मजीवांची अनेक जातींना मदत लागते, आणि वाढही रेंगाळते. काही जातींची अळी वर्षानुवर्षं लाकडातच असते; पंख फुटल्यावरचं आयुष्य मात्र काही आठवड्यांचं.

कोकणातल्या वाचकांना एव्हाना गेंड्या भुंगा आठवला असेल. माझे आजोबा माडाच्या शेंड्यात लोखंडी आकडा घालून त्याला ओढून काढायचे. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या माडाच्या खोडात वाढतात, म्हणून पडलेलं खोड बागेत ठेवायचं नाही, असा आमच्याकडे दंडक. बागेपुरता तो बरोबरच आहे. गेंड्या इथेही आहे आणि इथल्या माडांनाही तसाच छळतो. पण तोच दंडक रानाला लावून पडलेलं प्रत्येक झाड उचललं, तर लांबशिंग्यांनी अंडी घालायची कुठे? मला तर झाडून-पुसून लख्ख ठेवलेल्या रानाची भीतीच वाटते.

तेव्हा ओंडका उलटापालटा करू नका, नुसता वाकून बघा. सालीवर गोल किंवा लांबट भोकं दिसतील. खाली ताजा भुसा पडला असेल, तर आत कुणीतरी अजून जेवतं आहे.