कळलंय असं वाटणं

आधी एक प्रश्न. इअरफोन काढू नका, उत्तर मनातच ठरवा. भरलेला ट्रक आणि छोटी मारुती समोरासमोर धडकले. कोणी कोणावर जास्त बल लावलं?

ट्रकने, हो ना? मीही हेच म्हणालो होतो. तेही चहाच्या टपरीवर, न्यूटनचा तिसरा नियम परीक्षेत जसाच्या तसा लिहून पूर्ण मार्क घेतल्यानंतर! दोन्ही बलं सारखीच असतात. मारुतीला झटका जास्त बसतो कारण तिचं वस्तुमान कमी.

हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी 1990 च्या सुमारास असेच साधे प्रश्न वर्गाला दिले. अवघड गणितं सोडवणारी मुलं इथे गडबडली. वर्गातून विचारणाही झाली, की सर, तुम्ही शिकवलं तसं लिहायचं की आम्हाला वाटतं तसं?

माझूर यांनी मग लेक्चरच मोडलं. थोडं शिकवायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचं. साधारण 30 ते 70 टक्के बरोबर आले तर सरांनी गप्प बसायचं आणि मुलांनी शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवायचं. मग पुन्हा मत. सुरुवातीला हात वर करून, पुढे क्लिकर नावाच्या छोट्या रिमोटवर, आता फोनवर. म्हणजे यंत्र फक्त मतं मोजतं, शिकणं होतं त्या भांडणात. (आपल्याकडे स्मार्ट बोर्ड भिंतीला लागला की वर्ग डिजिटल झाला, असं समजतात. असो.)

पण खरी गंमत 2019 मध्ये हार्वर्डच्याच एका अभ्यासात आली. फिजिक्सच्या अर्ध्या मुलांना अनुभवी शिक्षकाचं झकास लेक्चर मिळालं, बाकीच्यांनी तोच भाग गटात, धडपडत सोडवला. पुढच्या धड्याला अदलाबदल. चाचणीत धडपडणारे पुढे. पण ‘किती शिकलात?’ विचारल्यावर लेक्चर ऐकलेल्यांनाच वाटलं, आपण जास्त शिकलो!

हे वाचून मला घाम फुटला. परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट स्पीडने व्हिडिओ बघून ‘झालं, समजलं’ म्हणत झोपणारा मीच होतो. सांगणारा अडखळत नव्हता, म्हणून मलाही येतंय असं वाटायचं.

तर आता दुसरा प्रश्न. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटल्यावर तो वर जात असताना, वरच्या दिशेने ढकलणारं बल त्याच्यावर असतं का? उत्तर मला पाठवू नका. शेजारी जो कोणी बसलाय त्याला आधी पटवून बघा, पुढच्या भागात बोलू.