रस्ता ओलांडायला किती सेकंद मिळतात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका मावशींना दुचाकीने उडवले. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. सकाळी साडेसहाला वस्तीतून निघायचे, समोरचा मोठा रस्ता ओलांडायचा आणि पलीकडच्या सोसायट्यांत जायचे, हा त्यांचा बारा वर्षांचा क्रम. पाय दोन ठिकाणी मोडला. चार महिने काम बंद राहिले, तेवढ्यात तीन घरांनी दुसरी बाई लावली. कागदावर नोंद झाली ती अशी की पादचारी महिलेने निष्काळजीपणे रस्ता ओलांडला.

ही नोंद वाचून मला राग आला. मग आम्ही एक साधी गोष्ट केली. विहारातल्या अभ्यासिकेची सात-आठ मुलेमुली, एक मोजपट्टी आणि मोबाईलवरचे घड्याळ घेऊन त्याच चौकात सकाळी उभे राहिलो. रस्त्याची रुंदी भरली २४ मीटर. पादचाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा १४ सेकंद टिकत होता.

आता हिशेब बघा. वाहतूक नियोजनात धडधाकट माणसाच्या चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे २४ मीटरला २० सेकंद. म्हातारी माणसे, गरोदर बाई, कडेवर मूल घेतलेली आई यांचा वेग ०.८ मीटर धरला तर ३० सेकंद लागतात. सिग्नल देत होता १४. म्हणजे मावशी नियम पाळून निघाल्या असत्या तरी दिवा लाल झाला तेव्हा त्या रस्त्याच्या मधोमधच असत्या. मग निष्काळजी कोण?

हा लेख त्या चौदा सेकंदांबद्दल आहे. रस्ता कसा आखायचा हे इंजिनिअरांचे काम, आपल्याला त्यातले काय कळते, असे आपले बरेच कार्यकर्ते मानतात. मीही मानत होते. पण त्यातली मुख्य सूत्रे अजिबात अवघड नाहीत, आणि ती माहीत नसल्यामुळे आपण अधिकाऱ्यांपुढे नुसते निवेदन देऊन परत येतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते आणि सुमारे ७५ हजार दुचाकीवरचे. चारचाकीच्या काचेआड बसलेल्यांपेक्षा रस्त्यावर उघड्या अंगाने असलेली माणसे कितीतरी जास्त मरतात. पायी कोण जाते? २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना विचारले होते की कामावर कसे जाता. त्यात तिघांपैकी एकाहून जास्त जणांनी पायी किंवा सायकलने असे सांगितले. सफाई कामगार, घरकामगार, बिगारी, वॉचमन, शाळेत जाणारी मुले. आपली वस्ती डोळ्यांसमोर आणा, वेगळी आकडेवारी लागणार नाही. तरी महापालिकांचा पैसा उड्डाणपुलांत आणि रुंदीकरणात जातो. आणि रुंदीकरणाची रेघ आखताना ती बहुतेक वेळा कोणाच्या झोपडीवरून जाते, हेही आपल्याला माहीत आहे.

रस्त्याचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९२४ साली त्रावणकोर संस्थानात वायकोम येथे सत्याग्रह झाला, तो मंदिरप्रवेशासाठी नव्हता, तर मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी होता. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाटांबरोबर ‘रस्ते’ हा शब्द आहे. आपण हा अनुच्छेद पाठ करतो तो पाणवठ्यासाठी, चवदार तळ्याच्या संदर्भात. त्यातल्या रस्त्याकडे आपले लक्ष जात नाही. आज रस्त्यावर चालायला कोणी जात विचारून अडवत नाही, निदान शहरात तरी नाही. पण ज्याच्याकडे गाडी नाही त्याला चालायला जागाच न ठेवणे, ही अडवणूक नाही तर काय? सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे की चालण्यायोग्य फुटपाथ मिळणे हा पादचाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद २१ चा भाग आहे.

आता सूत्रांकडे येऊ. पहिले आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे वेग. गाडी ताशी ३० किलोमीटरने जात असेल, तर चालकाने माणूस पाहिल्यापासून गाडी थांबेपर्यंत ती साधारण तेरा-चौदा मीटर जाते. वेग ५० असेल तर हेच अंतर सत्तावीस-अठ्ठावीस मीटर होते. वेग दुप्पटसुद्धा झालेला नाही, पण थांबायचे अंतर दुप्पट झाले. कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. धक्क्याची ताकदही तशीच वाढते. ३० च्या वेगाने धडक बसलेला माणूस बहुधा वाचतो, पुढे वेग जसजसा वाढतो तशी ही शक्यता झपाट्याने घसरते. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जिथे पादचारी, सायकलस्वार आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे कमाल वेग ३० ठेवावा असे म्हटले आहे.

पण ‘वेग मर्यादा ३०’ अशी पाटी लावून काही होत नाही. चालक पाटी वाचत नाही, रस्ता वाचतो. मोकळा, सरळ, रुंद रस्ता दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. म्हणून वेग रस्त्याच्या आखणीतूनच कमी करावा लागतो. लेन साडेतीन मीटरऐवजी तीन मीटरची ठेवली की गाड्या सावकाश जातात, आणि चार लेनच्या रस्त्यावर दोन मीटर जागा फुटपाथला मिळते. चौकाचा कोपरा मोठ्या गोलाईचा असेल तर गाडी वेग न कमी करता डावीकडे वळते. तोच कोपरा आखूड केला की चालकाला ब्रेक दाबावाच लागतो आणि ओलांडायचे अंतरही घटते. आपल्याकडे तर उलट ‘फ्री लेफ्ट’ नावाचा प्रकार आहे. म्हणजे डावीकडे वळणाऱ्या गाडीने कधीच थांबायचे नाही. मग त्या बाजूने पायी निघालेल्याने कधी निघायचे, हे कोणी सांगत नाही.

मधल्या दुभाजकात थांबायला सुरक्षित जागा असेल तर २४ मीटरचा रस्ता बारा-बारा मीटरच्या दोन टप्प्यांत ओलांडता येतो. झेब्रा पट्टा फुटपाथच्या उंचीला उचलून घेतला तर तो माणसासाठी सपाट आणि गाडीसाठी गतिरोधक ठरतो. यांतले काहीच महागडे नाही. याउलट पादचारी पूल महाग असतो आणि लोक तो वापरत नाहीत, याचे खापर पुन्हा लोकांवरच. दोन पिशव्या घेऊन चाळीस पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या, ते कशासाठी? गाड्यांना थांबावे लागू नये म्हणून. मला तर ही सोय गाड्यांचीच वाटते.

फुटपाथचेही तसेच. भारतीय मानकांप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि काठाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आम्ही मोजलेल्या पट्ट्यात उंची ठिकठिकाणी पायरीएवढी दीडपट होती, आणि मोकळी जागा काही ठिकाणी दोन फूटही नव्हती. डी.पी. बॉक्स, झाडाचा पार, जाहिरातीचा खांब, वर उभ्या केलेल्या दुचाक्या. ज्या फुटपाथवर दर वीस पावलांना खाली उतरावे लागते, त्यावर कोणी चढत नाही. व्हीलचेअरचा तर विचारही नको.

सायकलची गोष्ट पुण्यात सांगायला लाज वाटते. हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जायचे. कारखान्यातले कामगार आणि कॉलेजची मुले सायकलनेच जायची. बीआरटीबरोबर, २००६ नंतर, काही रस्त्यांना सायकल मार्ग झाले, पण ते तुटक. मध्येच झाड, मध्येच टपरी, आणि चौक आला की मार्ग गायब. सगळ्यात जास्त धोका चौकातच असतो आणि तिथेच सायकलवाल्याला वाऱ्यावर सोडलेले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास ॲपवरच्या भाड्याच्या सायकलीही आल्या, बातम्या झाल्या, आणि दोन-तीन वर्षांत त्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. ज्यांची सायकल स्वतःची, जुनी, कॅरिअरला डबा बांधलेली आहे, त्यांना या सगळ्यात काही मिळाले नाही. सायकल म्हणजे रविवारचा व्यायाम नव्हे, बिगाऱ्याचे वाहन आहे, हे आराखड्याच्या बैठकीत कोणीतरी बोलायला हवे होते. तिथे आपण नव्हतो.

‘रस्ता अरुंद केला तर कोंडी होईल’ हा आक्षेप ठरलेला असतो. याला उत्तर आकड्यांत आहे. अमेरिकी शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या नॅक्टो या संघटनेने तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून तासाला किती माणसे जाऊ शकतात याचा हिशेब मांडला आहे. खासगी मोटारींमधून ६०० ते १,६००. बससाठी राखीव पट्ट्यातून ४,००० ते ८,०००. फुटपाथवरून ८,००० ते ९,०००. कोणाला पटत नसेल तर त्याने ६ डिसेंबरला दादर स्टेशन ते चैत्यभूमी हा रस्ता आठवावा. तेवढी माणसे मोटारीत बसवली असती तर ती रांग कुठवर गेली असती!

वाहतूक कशी फिरवायची यातही पर्याय असतात. आपल्याकडे कोंडी झाली की एकेरी मार्ग करतात. त्याने गाड्या सुटतात, पण त्यांचा वेग वाढतो, सायकलवाल्याला वळसा पडतो आणि परतीचा बसथांबा भलत्याच रस्त्यावर जातो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराने १९७७ साली वेगळे केले. शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले. एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जाता येत नाही, बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याने फिरून जावे लागते. चालत आणि सायकलने मात्र सरळ जाता येते. दुकानदारांनी कडाडून विरोध केला होता. आज ते शहर सायकलसाठी जगात ओळखले जाते.

त्या देशाची हकिगत आपल्या तरुणांनी मुद्दाम वाचावी. तिथे सायकली पहिल्यापासून सुखाने चालत होत्या असे नाही. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आपली मुलगी अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला, त्यातून ‘बालहत्या थांबवा’ अशा नावाचे आंदोलन उभे राहिले. आईबाप आणि मुले रस्त्यात बसली, गल्ल्या अडवल्या, त्यांत खेळ मांडले. आज तिथे वर्षाला मरणाऱ्यांचा आकडा सातशेच्या आसपास आहे. तिथले रस्ते आंदोलनाने बदलले.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. फुटपाथ मोकळे करा म्हटले की पहिली कारवाई होते पथारीवाल्यांवर. हातगाडी उचलली जाते, मोटार तशीच उभी राहते. आमच्याच वस्तीत एका घरातली सून फुटपाथने कामावर जाते आणि सासू त्याच फुटपाथवर भाजी विकते. त्यांना एकमेकींविरुद्ध उभे करणारी मागणी मला मान्य नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण व्हायला हवे, आणि शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत. नीट आखलेल्या फुटपाथवर चालण्याचा पट्टा वेगळा आणि झाडे, बाके, पथारी यांचा पट्टा वेगळा ठेवता येतो. त्यासाठी जागा हवी, आणि ती पार्किंगमधून घ्यावी लागेल. २०१८ मध्ये पुण्यात मोजक्या रस्त्यांवर पैसे घेऊन पार्किंग देण्याचे धोरण मंजूर झाले तेव्हा विरोध झाला आणि ते रेंगाळले. एक मोटार दिवसभर जेवढी जागा फुकट अडवते तेवढ्यात दोन पथाऱ्या बसतात. पण मोटारीला कोणी अतिक्रमण म्हणत नाही.

काही कामाच्या गोष्टी. धडक देऊन वाहन पळून गेले असेल तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाई मिळते. अर्ज त्या भागातील प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आले आहे. रस्त्याची आखणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला कलम १३४अ संरक्षण देते, त्यामुळे मदत करायला घाबरू नका. पुण्यात महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिक छोटी कामे सुचवू शकतात. त्याचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात, आणि वस्त्यांतून ते फार कमी जातात.

आम्ही आमची मोजमापे एका पानावर लिहिली. रुंदी, सेकंद, फुटपाथची उंची, अडथळ्यांची यादी, सोबत फोटो. अर्ज दिला, पोच घेतली, दीड महिन्याने माहिती अधिकारात विचारले की अर्जाचे काय झाले. तिसऱ्या फेरीला सिग्नलची वेळ २२ सेकंद झाली. दुभाजकातली थांबायची जागा अजून झालेली नाही. मावशी आता काठी घेऊन चालतात. मागच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर पुन्हा वेळ लावली, त्यांना ३६ सेकंद लागले. पुढच्या अर्जात हाच आकडा लिहिला आहे.