जहाजाच्या नोंदवहीतले पूर्वज

इनामदार-देशमुखांच्या घरी सनदा असतात. भाट त्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या राखतात. भूमिहीन माणसाच्या आजोबा-पणजोबांचा असा इतिहास कोणी लिहिला नाही. मात्र हाच माणूस श्रमाच्या बाजारात विकाऊ ठरला, तेव्हा त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, उंची आणि अंगावरचे व्रणसुद्धा सरकारने काळजीपूर्वक लिहून घेतले. समुद्रापार नेलेल्या करारबद्ध मजुरांच्या जहाजयाद्या म्हणजे ही दफ्तरे होत.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर मॉरिशसला उतरले. ‘अ‍ॅग्रिमेंट’चा अपभ्रंश ‘गिरमिट’ झाला आणि या माणसांना ‘गिरमिटिया’ हे नाव पडले. १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेले ‘ट्रुरो’ दरबानला पोचले. १९११ पर्यंत एकट्या नाताळात १,५२,१८४ मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडचे मराठी मजूर होते. तिथला मराठी समाज त्यांचाच वारस आहे.

या याद्यांत शोध कसा घ्यावा? आरंभ घरातल्या कागदापासून करावा. वसाहतीत उतरताच प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि पुढे विवाह, मृत्यू, मुक्तीचा दाखला यांवर तो पुन्हा पुन्हा येई. नाव बदलते, क्रमांक बदलत नाही. क्रमांकावरून जहाज व तारीख सापडते आणि जहाजाच्या यादीत गाव, ठाणे, जिल्हा मिळतो. मॉरिशसची दफ्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथे १८६० च्या दशकापासूनची मजुरांची छायाचित्रेही आहेत. सुरीनामच्या आणि नाताळच्या याद्या आता संगणकावर पाहता येतात.

गाव ओळखणे हे खरे कठीण काम. बोलणारा मजूर, ऐकणारा परका कारकून आणि लिपी रोमन. तीत त-ट, द-ड, ल-ळ यांतला फरक बुडून गेला. म्हणून लिहिलेले नाव मोठ्याने वाचून पाहावे. जिल्ह्यांच्या सीमाही बदलल्या आहेत. त्या काळचे सावंतवाडी संस्थान पुढे रत्नागिरी जिल्ह्यात आले आणि १९८१ पासून सिंधुदुर्गात आहे.

नाताळच्या याद्यांत आणि फिजीच्या परवान्यांत जातीचाही रकाना आहे. इथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. कारकुनाने कधी जात लिहिली, कधी धर्म, तर कधी ‘मलबार’सारखा नुसता प्रांत लिहून रकाना भरला. मद्रासच्या याद्यांत ‘परैया’ हा शब्द वारंवार भेटतो. त्यामागचा माणूस स्वतःला काय म्हणवीत होता, हे त्या रकान्यातून कळत नाही. काहींनी जात बदलूनही सांगितली. ज्या व्यवस्थेने पाणवठा नाकारला, तिचा शिक्का बंदरावर टाकून देणाऱ्याला खोटारडे म्हणण्याचा अधिकार कोणाला? जहाजावर एकत्र जेवलेल्या, एकत्र रोगराई सोसलेल्या माणसांनी ‘जहाजी भाऊ’ हे नवे नाते जोडले. त्याला मात्र यादीत रकाना नव्हता.

बायांच्या नोंदी स्वतंत्रपणे वाचाव्यात. एकट्या निघालेल्या बाईला पळून गेलेली, वाया गेलेली ठरवणे सोपे असते. यादी तिचे वय, गाव आणि बापाचे नाव सांगते. ती विधवा होती, उपाशी होती की छळाला विटलेली, हे त्या वर्षांतील दुष्काळाचे व सक्तीच्या भरतीचे कागद शेजारी ठेवून तपासावे लागते.

ही दफ्तरे मालकांच्या सोयीसाठी लिहिली गेली. म्हणून ती टाकून देता येत नाहीत आणि जशीच्या तशी मान्यही करता येत नाहीत. पूर्वजांचा शोध जातीच्या रकान्याशी थांबला, तर तो नवी वंशावळ मिरवण्याचे साधन होईल. श्रम कोणी केले, करार कोणी लादला आणि साखर कोणाच्या घरी गेली, हे प्रश्न विचारले, तरच त्या यादीतला क्रमांक पुन्हा माणूस होईल.