शुद्धिहारक अंतःक्षेपणांचे देयक-संकेतांक
शस्त्रक्रियेच्या वेळी अंतःक्षेपणाद्वारे दिलेल्या शुद्धिहारक, गुंगी आणणाऱ्या व वेदनाशामक औषधांची किंमत विमा-योजनेकडे मागताना वापरावयाचे संकेतांक. त्यांची तपशीलवार पद्धती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे. तेथील ‘एचसीपीसीएस’ ही संकेतावली १९७८ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या स्तरात वैद्यकीय कृती, तर दुसऱ्यात औषधे, साधने इत्यादींचा अंतर्भाव होतो. दुसऱ्या स्तरातील संकेतांक एक रोमन अक्षर व चार अंक मिळून होतो. तोंडावाटे न देता इतर मार्गांनी दिलेली औषधे मुख्यतः ‘जे’ या अक्षराखाली येतात.

प्रत्येक संकेतांकास औषधाचे ठराविक परिमाण जोडलेले असते आणि घोटाळा बहुधा तेथेच होतो. प्रोपोफॉलच्या ‘जे २७०४’ या संकेतांकाचे एकक १० मिग्रॅ., मिडॅझोलामच्या ‘जे २२५०’ चे १ मिग्रॅ. आणि फेंटानिलच्या ‘जे ३०१०’ चे ०·१ मिग्रॅ. आहे. २० मिलि. कुपीतील २०० मिग्रॅ. प्रोपोफॉल दिल्यास २० एकके होतात. लेखनिकाने मिलिग्रॅमचा आकडाच उतरविला, तर मागणी दसपट होते. फेंटानिलचे १०० मायक्रोग्रॅम म्हणजे एकच एकक. तेथे हीच चूक शंभरपटीची ठरते. स्वतंत्र संकेतांक नसलेले औषध ‘जे ३४९०’ या अवर्गीकृत संकेतांकाखाली दाखवितात.

संकेतांक असणे म्हणजे मोबदला मिळणे नव्हे. शल्यचिकित्सकाने स्वतः टोचलेल्या स्थानिक संवेदनाहारकाचे ‘मेडिकेअर’ ही वृद्धांसाठीची सरकारी योजना वेगळे पैसे देत नाही. ते शस्त्रक्रियेच्या मोबदल्यातच धरले जाते. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील बहुतेक शुद्धिहारकांचेही तसेच. ज्या औषधांना स्वतंत्र मोबदला मिळतो, त्यांच्या एकमात्रा कुपीत उरलेला व टाकून दिलेला अंश ‘जेडब्ल्यू’ या उपसंकेताने दाखविणे १ जानेवारी २०१७ पासून सक्तीचे झाले. काहीच वाया गेले नसल्यास ‘जेझेड’ लिहावे लागते (१ जुलै २०२३ पासून). या नोंदींवरून मोठ्या कुप्यांमुळे होणारी नासाडी मोजता येते. २०२१ च्या कायद्याने ठराविक मर्यादेपलीकडील नासाडीची रक्कम उत्पादकांकडून परत घेण्याची तरतूद झाली.

एकत्रित मोबदल्याचा एक अनिष्ट परिणाम असा की, महागड्या औषधाचा बोजा रुग्णालयावर पडतो व स्वस्त अफूजन्य वेदनाशामकांकडे कल झुकतो. म्हणून डिसेंबर २०२२ मधील कायद्याने काही अफूविरहित वेदनाशामकांना २०२५ ते २०२७ या काळात बाह्यरुग्ण शस्त्रक्रियांसाठी स्वतंत्र मोबदला ठरविला. स्निग्धपुटांत भरलेले, दीर्घकाळ प्रभावी राहणारे ब्युपिव्हॅकेन हे त्यांपैकी एक होय.