नऊ व्होल्टचे तीन व्होल्ट करताना

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की मुले तारा आणि बॅटऱ्या घेऊन बसतात. हाताशी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते, खेळण्यातली मोटार मात्र ३ व्होल्टची. कुणीतरी सांगतो, "मध्ये रेझिस्टर टाक." हा सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेले अर्धे कळले नाही, तर खाऊच्या पैशांतून आणलेले सामान वाया जाते.

रेझिस्टर म्हणजे विजेच्या वाटेतील अडथळा. व्होल्टला ओहमने भागले की प्रवाह मिळतो. हा नियम १८२७ साली मांडणारे जर्मन शिक्षक जॉर्ज ओहम हे कुलपे बनवणाऱ्या कारागिराचे पुत्र. वडील स्वतःच्या प्रयत्नाने शिकले आणि त्यांनी मुलांना घरीच गणित शिकवले.

विद्यार्थी मित्रांनो, आता हिशेब करू. १००० ओहमचे तीन रेझिस्टर एकामागे एक जोडून बॅटरीला लावा. प्रत्येकाच्या वाट्याला ३ व्होल्ट येतात. शेवटच्या रेझिस्टरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर ३ दाखवील. पण तेथे मोटार जोडा, ती हलणारही नाही! समजा, तिला १०० मिलिअँपिअर प्रवाह हवा. वरच्या २००० ओहममधून ९ व्होल्टला फार तर साडेचार मिलिअँपिअर जातात.

मग तीन रेझिस्टर दहा-दहा ओहमचे घ्यावेत का? नाही. मोटार जोडण्याआधीच २.७ वॅट उष्णता होते. नेहमीचे पाव वॅटचे रेझिस्टर जळतात, बोटही भाजते.

मोटारीसाठी दीड व्होल्टचे दोन सेल एकामागे एक लावणे हाच सोपा उपाय. ९ चे स्थिर ५ व्होल्ट हवे असल्यास ७८०५ हा रेग्युलेटर घ्यावा.

रेझिस्टरची वाटणी कामाची आहे ती संदेशासाठी, कारण त्याला प्रवाह फारच थोडा लागतो. ५ व्होल्टच्या अर्डुइनोचा संदेश ३.३ व्होल्टच्या बोर्डाला देताना वर १००० आणि खाली २००० ओहम लावावेत. लाल एलईडीला मात्र एकच रेझिस्टर पुरे. ९ मधून तिचे २ व्होल्ट वजा करा. उरलेल्या ७ ला ४७० ओहमने भागले की सुमारे १५ मिलिअँपिअर येतात.

पालकांनो, घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर हे प्रयोग मुलांना मुळीच करू देऊ नका. बॅटरीवर मात्र जरूर करू द्या. फक्त तार जोडण्याआधी भागाकार वहीत मांडायला लावा.